दार कुणीकडं करायचं

॥ श्री ॥
शेळवंड, ता. परंडा
२ जानेवारी २०२५

ती. शिवगंगाआक्कास,
दैवशालाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे खुशाल आहेत. फोन केला नाही, कारण फोन ह्यांच्या खिशात असतो. सरपंच मी, पण सरपंचाचा फोन ह्यांनाच येतो, आणि माहेरचा आला की स्पीकरवर ठेवून सगळं घर ऐकतं. पत्र तरी कुणी फोडणार नाही. पोस्टमन मात्र अजून मलाच विचारतो की सरपंच घरी हायत का.

आक्का, डोकं उठलंय माझं. मागे तू आली होतीस तेव्हा बाजारतळावर बायकांची मुतारी दाखवली होती, आठवतं? आठ वर्षांपूर्वी बांधली आणि तिचं दार केलं बरोबर पाराकडं. पारावर दिवसभर बाप्ये बसलेले. त्यांच्यासमोरून कोण बाई आत जाणार? एकही गेली नाही. शेवटी तिला कुलूप लागलं. आपली जमिलाबी, मणेरीण, दर शनिवारी तिथंच बांगड्यांची पाटी मांडून बसते. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच पाण्याचा घोट घेत नाही. दोन महिन्यांत तीनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. परंड्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज तीन लिटर पाणी पी, नाहीतर मूत्रपिंडावर जाईल. ती मला म्हणाली की सरपंचीणबाय, पिते की, पन जाऊ कुठं ते बी लिहून द्या.

मागणी लहान आहे. दार मागच्या भिंतीत फिरवायचं, समोरचं बुजवायचं आणि पाण्याची टाकी बसवायची. महिला-बालकल्याणाच्या वाट्याचे पैसे त्यासाठीच असतात. पण डिसेंबरच्या बैठकीत काय झालं ते ऐक. थोरले भावजी, रामलिंग, मेंबर आहेत. त्यांना गावाच्या तोंडाशी कमान हवी आहे. कमानीवर तुळजाभवानीचं चित्र काढायचं, आणि देवी म्हणजे बाईच, म्हणून पैसे बायकांच्या वाट्यातून घ्यायचे! ग्रामसेवकांनी मानसुद्धा डोलावली.

आणि मी? तुला माहीतच आहे, लग्नाला बावीस वर्षं झाली, मी थोरल्या दिराशी एक शब्द बोललेली नाही. जेवायला वाढलं तरी ह्यांना सांगायचं, त्यांनी भावजींना सांगायचं. बैठकीत भावजी तीन हातांवर बसलेले. मी ह्यांच्या कानात सांगितलं की मुतारीचं दार फिरवायचंय. हे खाकरले आणि मोठ्यानं म्हणाले, सरपंचांचं म्हणणं आहे की बायकांच्या सोयीचा विचार व्हावा. भावजी म्हणाले, व्हय, म्हणूनच कमान. झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आराखडा पक्का होईल. त्याआधी महिला सभा घ्यावी लागते. तिथं बायकांचा ठराव झाला तरच दाराचं काही होईल, नाहीतर पैसे कमानीत गेले म्हणून समज. मागल्या वर्षीची महिला सभा मी पाहिली आहे. पुढं भावजी आणि मेंबर खुर्च्यांवर, मागं बायका पदर ओढून भिंतीकडं तोंड करून. तू इतकी वर्षं आरोग्यसेविका म्हणून गावोगाव हिंडलीस. सांग, काय करू?

लोभ असू दे. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी
दैवशाला


येडशी
६ जानेवारी २०२५

चि. सौ. दैवशालास,
शिवगंगाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाचून हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. शेवटी दोन्ही केलं. शेजारीण विचारायला आली की आक्का काय झालं.

भागवतरावांना माझा निरोप सांग. नको, सांगू नकोस, ते त्याचंही काहीतरी भलतंच करतील. माणूस वाईट नाही तुझा, पण भावापुढं त्याची जीभ गोगलगाय होते. आणि तू तरी काय! सातवीत असताना मास्तरांना फळ्यावरचं गणित चुकलंय म्हणून सांगणारी पोरगी तू. सरपंचाच्या खुर्चीत बसून नवऱ्याच्या कानात कुजबुजतेस?

जमिलाबीला सांग, दुखणं अंगावर काढू नकोस. लघवीची तपासणी करून घ्यायची आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचा नाही. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी अशा शंभर जमिलाबी पाहिल्या. कुणी एसटीची वाट बघत बसणारी, कुणी भाजी विकणारी. सगळ्या उपाशी राहत नाहीत, पण तहानलेल्या राहतात. आणि वरून आम्हीच त्यांना पाणी प्या म्हणून दरडावतो.

आता सभेचं. सोपी गोष्ट आहे. जागा अशी शोध की जिथं बाप्ये बसणारच नाहीत. ग्रामपंचायतीच्या खोलीत घेतलीस तर तुझे भावजी खुर्ची सोडायचे नाहीत. आणि बायकांना नुसतं काय हवं म्हणून विचारू नकोस, त्या तुझ्याचकडं बघत बसतील. कागदावर चित्रं काढ: मुतारी, कमान, अंगणवाडीचं छप्पर, दिवे. प्रत्येकीच्या हातात तीन दाणे दे. ज्या चित्रावर ठेवायचे त्यावर ठेवा म्हणावं. तोंड उघडायला लाजणाऱ्या बायका हातानं बरोबर बोलतात.

माझा गुडघा तसाच आहे. इथल्या रामलिंगाच्या देवळाच्या पायऱ्या यंदा झेपल्या नाहीत, लांबूनच हात जोडले. तुझ्या सासूबाईंना, सिताबाईंना, माझा नमस्कार सांग.

माया आहेच, पण कामाला लाग.

तुझी
आक्का


॥ श्री ॥
शेळवंड
१८ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं, आणि सगळं मुसळ केरात गेलं.

बाप्ये येणार नाहीत अशी जागा मी शोधली. संक्रांतीचं हळदीकुंकू! म्हटलं, आपल्याच घरात ठेवू, बायका नटूनथटून हक्कानं येतील, कुणाचा नवरा अडवणार नाही आणि भावजी तर उंबऱ्यापर्यंतसुद्धा फिरकणार नाहीत. ग्रामसेवकांना सांगितलं की काल शुक्रवारी, १७ तारखेला, दुपारी तीन वाजता आमच्या घरी महिला सभा. त्यांनी मला खुळ्यात काढलं, पण नोटीस लावली. खाली मी स्वतःच्या हातानं लिहिलं की सर्व सुवासिनींनी अगत्यानं यावं.

बायका आल्या की गं! ओसरी भरली. मी चित्रं भिंतीला लावून खाली चार सुपं ठेवली. दाण्यांच्या जागी वाणातले हरभऱ्याचे ओले घाटे दिले. घरात होते, आणि सणाचं वाटेल म्हणून. तिथंच चुकलं. गप्पा मारता मारता नागूबाईनं आपले तिन्ही घाटे सोलून खाल्ले. तिचं बघून शेजारणीनं खाल्ले. मग एकीनं सुपातलेही उचलले. मोजायला गेले तर निम्मी मतं पोटात गेलेली! ओरडून ओरडून घसा बसला, तर म्हणतात की सरपंचीणबाय, लई गोड हायती.

पुन्हा वाटले आणि पुन्हा ठेवून घेतले. मुतारीला सगळ्यांत जास्त आले, कमानीला चार. मला आभाळ ठेंगणं झालं. पण नशीब बघ, ग्रामसेवकांनी रजिस्टर पाहिलं आणि मान हलवली. निदान पासष्ट सह्या हव्यात, झाल्या एक्कावन्न. सभा तहकूब. २६च्या आत पुन्हा घ्या, नाहीतर सभा झालीच नाही असं लिहीन म्हणाले. भावजी ह्यांना म्हणाले, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, की बायकांनाच नको असंल तर आपण काय करावं.

मला इतका संताप आलाय की विचारू नकोस. ज्यांच्यासाठी मी हे सगळं करते त्याच बायका येत नाहीत! जमिलाबीलासुद्धा मी चार दिवस आधी सांगितलं होतं. ती बघू म्हणाली आणि आली नाही. तिच्या गल्लीतली एकही आली नाही. दुखणं हिचं, धावपळ माझी, आणि हिला तास-दोन तास मिळत नाहीत. आता मीही म्हणते, होऊ दे कमान.

तुझा तरी लोभ राहू दे, बाकी कुणाचा उरला नाही.

तुझी
दैवशाला


येडशी
२० जानेवारी २०२५

चि. सौ. दैवशालास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाट्यांवर हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

अगं शहाणे, हळदीकुंकवाला कोण येतं? तूच लिहिलंस की सुवासिनींनी यावं. जमिलाबीचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आणि नवरा असता तरी हळदीकुंकवाला तिनं कशाला यावं? ते तिचं आहे का? तिच्या गल्लीतल्या बायकांनी नोटीस वाचली असेल आणि हे आपल्यासाठी नाही म्हणून आपापल्या कामाला गेल्या असतील. गावात विधवा बायका किती आहेत ते तू मोजलंस का? माझ्या नोकरीत मला प्रत्येक गावच्या तोंडपाठ असत. चौदा सह्या कमी पडल्या म्हणतेस. त्या चौदा कुठं होत्या ते मी सांगते. घरात होत्या, कारण तू त्यांना बोलावलंच नव्हतंस.

आता एक विचारते, राग आला तरी चालेल. त्या दिवशी दुपारी तुझ्या ओसरीवर सभा चालू असताना तुझ्या सासूबाई कुठं होत्या? सिताबाईंचं नाव मतदार यादीत आहे की नाही? त्याच घरात, भिंतीपलीकडच्या खोलीत बसून होत्या ना? बाहेर एक्कावन्न बायका हसत होत्या आणि आत ती म्हातारी दाराआड बसून ऐकत होती. तुझे सासरे गेल्यापासून सोळा वर्षं प्रत्येक संक्रांतीला ती अशीच आत जाऊन बसते. तुझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

लक्षात येत नाहीच. माझेही हे जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्या संक्रांतीला मी तुझ्याकडं आले होते. तू हळदीकुंकू उरकलंस, सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात आलीस आणि मागच्या दारी मला वाण दिलंस, पेपरात गुंडाळून. प्रेमानं दिलंस, मला माहीत आहे. म्हणूनच तेव्हा बोलले नाही. स्टीलची वाटी होती, अजून वापरते.

आता रडत बसू नकोस, दिवस थोडे आहेत. आणि कमान होऊ दे वगैरे मला लिहायचं नाही. २५ला शनिवार आहे, बाजार आहे. सभा त्या मुतारीच्या दारापुढंच घे. पारावर तुझे भावजी असतील, असू देत. भावजयीनं थोरल्या दिरापुढं बोलायचं नाही म्हणतात ना? मग भावजय बोलायला लागल्यावर थोरल्या दिरानंही तिथं बसायचं नसतं. हा रिवाज दोघांनाही बांधतो. इतकी वर्षं तू एकटीनंच पाळलास.

आणि दाणे देशील ते तुरीचे दे. कच्ची तूर कुणी खात नाही.

रागावले असले तरी तुझीच आहे.

आक्का


॥ श्री ॥
शेळवंड
२७ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
दैवशालाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. दिवसभरात तीनदा काढून वाचलं. ह्यांनी दोनदा विचारलं की येडशीला सगळं बरं आहे ना. संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या शेंगा फोडत होत्या. शनिवारी सभा आहे, तुम्ही यायचं, म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला बी बोलावतीस का, म्हणाल्या. मी व्हय म्हटलं. मग विचारलं की तिथं करायचं काय. मी म्हटलं, बसायचं, दाणे ठेवायचे. बसायचंच तर हाय, बसते की, म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. सोळा वर्षं मी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी घरोघर फिरले. आधी तुझ्या त्या चौदा जणींकडं. प्रत्यक्षात एकवीस निघाल्या, आक्का. जमिलाबीची माफी मागितली तर तिनं मलाच खाली बसवून चहा पाजला.

शनिवारी दुपारी बारा वाजता मुतारीच्या दारापुढं सतरंज्या अंथरल्या. समोर पार, पारावर भावजी, त्यांचा जोडीदार वीरप्पा आणि नेहमीची मंडळी. ती हलायला तयार नाहीत. हे रजिस्टर काखेत धरून मधोमध उभे. बायका येऊन बसल्या, पण पदर ओढून, आणि मानाही खाली. मी उभी राहिले. सवयीनं ह्यांच्याकडं वळले आणि हळूच म्हटलं, भावजींना सांगा, सभा बायकांची आहे. हे पुन्हा खाकरले. आता हे काय करणार ते मला माहीत होतं, आणि मला असा संताप आला की मी ह्यांच्या काखेतलं रजिस्टर ओढून घेतलं आणि पाराकडं तोंड करूनच सुरुवात केली. मुतारीचं दार चुकीच्या बाजूला आहे, बायकांना आत जायला लाज वाटते, पाणी न पिता दिवस काढावा लागतो, त्यानं काय काय दुखणी होतात, तू लिहिलंस ते सगळं सांगितलं.

भावजी आधी मोबाईलमध्ये बघायला लागले. मग टोपी काढून झटकली. तरी उठेनात. तेव्हा सासूबाई बसल्या जागेवरून, मागं वळूनही न बघता, म्हणाल्या की रामलिंगा, तुझी भावजय बायकांच्या मुतारीचं बोलायलीय, तू ऐकत बसणार हाईस व्हय? ऊठ की.

आक्का, सगळा पार रिकामा झाला. वीरप्पा तर चपला सोडून गेला. बायकांनी पदर मागं टाकले आणि एवढा गलका सुरू झाला की आता कुणाला गप्प करावं हेच कळेना. तुरीचे दाणे कुणीही खाल्ले नाहीत. मुतारीच्या सुपात ढीग लागला. कमानीवर तीनच दाणे पडले, तिन्ही आमच्या थोरल्या जाऊबाईंचे. नवऱ्याची लाज राखली, म्हणाल्या. सह्या आणि अंगठे मिळून अठ्ठ्याऐंशी झाले. पहिला अंगठा सासूबाईंचा.

इथंच संपलं असं वाटलं होतं. पण जमिलाबी म्हणाली, आतून तरी बघू दे, काय हाल हाय. किल्ली कित्येक वर्षं सापडत नाही असं ग्रामपंचायतीत सांगतात. नागूबाई कुलपाजवळ गेली आणि म्हणाली, अगं, हे तर नवंकोरं हाय! खरंच, चकचकीत कुलूप. मग वाट कशाला बघायची? दगडाच्या चार घावांत ते तुटलं. आत काय असेल? सिमेंटची पोती! छतापर्यंत रचलेली. कमानीसाठी, ठराव व्हायच्या आधीच आणून ठेवलेली, तीही बायकांच्या मुतारीत. रोज तिथं बसून भावजी पार राखतात असं आम्हाला वाटायचं, ते सिमेंट राखत होते.

जमिलाबी हसायला लागली, आणि मग सगळ्याच. मला मात्र हसू आलं नाही. हे माझ्याकडं बघत नव्हते. ह्यांना ठाऊक होतं, आक्का. सरपंचाची सही कुठल्या कागदावर कशी झाली ते आता मी बघणार आहे. यापुढं न वाचता सही करायची नाही, आणि शिक्का व फोन माझ्याकडं राहणार. रात्री जेवताना हे सांगितलं. सकाळी फोन माझ्या उशाशी होता.

काल ग्रामसभा झाली. ग्रामसेवकांनी महिला सभेचा ठराव वाचला. सगळे भावजींकडं बघायला लागले. सिमेंटची बातमी एव्हाना फाट्यापर्यंत गेली होती. भावजी ह्यांना म्हणाले, भागवत, तिला सांग, सिमेंट हाय तिथंच हाय. दार फिरवून घ्या म्हणावं.

मी तीन हातांवर बसले होते. ह्यांनी माझ्याकडं मान वळवायच्या आत मी म्हटलं, व्हय भावजी, उद्याच गवंडी सांगते. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मान हलवली. बस, एवढंच. काही कोसळलं नाही.

आज सकाळपासून मागची भिंत फोडायचं काम चालू आहे. जमिलाबी येऊन बघून गेली. म्हणाली की दार झालं की पयला तांब्याभर पाणी तिथंच उभी राहून पिणार.

आता दुसरी गोष्ट. ती पेपरात गुंडाळलेली वाटी मला आठवत नव्हती. तू लिहिल्यावर आठवली, कोणता पेपर होता तेसुद्धा आठवलं, आणि मी चुलीपुढं बसून खूप रडले. तू रडू नकोस म्हणालीस, पण ऐकलं नाही. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी ओसरीवर पुन्हा हळदीकुंकू ठेवते आहे. सासूबाईंना सांगितलंय की तुम्ही आत जायचं नाही, मधोमध बसायचं. त्यांनी नऊवारी धुऊन वाळत घातली आहे. जमिलाबी, नागूबाई, सगळ्यांना बोलावलंय. ज्यांना कुंकू नको त्यांना तिळगूळ.

यंदा तुझं वाण पाठवणार नाही, आक्का. ते घ्यायला तुला यावं लागेल. गुडघ्याची सबब सांगू नकोस, फाट्यावर हे मोटरसायकल घेऊन येतील. मागच्या दारी मी लाकडं रचून ठेवली आहेत, तिकडून वाट नाही. पुढच्या दारानं ये.

तुझ्या लोभाची नाही, तुझ्या येण्याची वाट बघते.

तुझी धाकटी
दैवशाला